नोराचं तळं

"माझी चूक काढून दे," टॅम्सिन म्हणाली. "कुठेतरी असणारच. मला सापडत नाहीये."

ग्लेनिसने हातातला शिंपल्यांच्या सारणाचा पॅटिस कागदावर ठेवला, बोटं पुसली आणि खुर्ची पडद्याकडे ओढली. जेवणाच्या सुट्टीत काम घेऊन येणारी माणसं तिला आवडत नसत. पण ही नवी संशोधक पोर दोन दिवस धड जेवलेली दिसत नव्हती. खिडकीखाली धक्क्यावर नारिंगी जहाजात पेट्या चढत होत्या आणि वाऱ्याने क्रेनचा आकडा उगाचच हेलकावत होता.

"कुठला भाग आहे?"

"तू ओळखशील."

ग्लेनिसने ओळखला. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातली ती जागा तिला आपल्या गावच्या, होबार्टच्या गल्ल्यांपेक्षा जास्त ओळखीची होती, जरी तिने ती डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. हिमनदीच्या उजव्या काठाला पसरट बशीसारखा भाग. वर अडीच किलोमीटर जाडीचा बर्फ, आणि बर्फाखाली तळं. नकाशावर त्याला क्रमांक होता, पण क्रमांकाने त्याला कुणी हाक मारत नसे. जगभरची हिमशास्त्रज्ञ मंडळी त्याला नोराचं तळं म्हणत.

"नवा उपग्रह सहा किरण टाकतो," टॅम्सिन सांगू लागली, जणू ग्लेनिसला ते ठाऊक नव्हतं. "जोडीजोडीने. त्यामुळे जमिनीचा, म्हणजे बर्फाचा, आडवा उतार नेमका कळतो. मी तो उतार घेतला आणि जुन्या उपग्रहाच्या आकड्यांना लावला. तुमच्या आकड्यांना. तर..."

"तर?"

"खड्डा राहतच नाही. बर्फ खाली बसलाच नव्हता, ग्लेनिस. तळंच नाहीये ते."

ग्लेनिसने पॅटिस पुन्हा उचलला, एक घास खाल्ला, आणि तो गार झालाय हे तिच्या लक्षात आलं.

"ठेव इथे," ती म्हणाली. "बघते. आणि जेवून ये आधी."

ग्लेनिस पर्टन ह्युऑन खोऱ्यातल्या सफरचंदवाल्याची मुलगी. या हिमसंशोधन संस्थेत लागली ती टायपिस्ट म्हणून. टायपिंग गेलं, संगणक आले, संगणकांमागून उपग्रह आले, आणि प्रत्येक वेळी ती नवं शिकून आपल्या खुर्चीत टिकली. शास्त्रज्ञ व्हावं असं तिला कधी वाटलं नाही. उपग्रहाकडून येणारे कच्चे आकडे धुऊन-पुसून वापरण्याजोगे करायचे, हे तिचं काम, आणि ते तिला आवडे. संध्याकाळी ती बसने घरी जाई, म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवून आणी, शनिवारी बहिणीकडे जेवायला जाई. नवरा फार पूर्वी मेलबर्नला गेला तो तिकडचाच झाला.

तिला हे सगळं शिकवलं संस्थेतले शास्त्रज्ञ मर्विन हॅडलो यांनी. "पांघरुणाखाली मांजर असलं ना ग्लेन, तर मांजर बघावं लागत नाही," ते म्हणत. "पांघरूण बघायचं. कुठे फुगलं, कुठे बसलं." बर्फाखाली पाणी साचलं की वरचा बर्फ मीटर-दोन मीटर वर उचलला जातो. पाणी खालच्या खाली निसटून समुद्राकडे गेलं की तो खाली बसतो. माणूस त्यावर उभा राहिला तरी त्याला पत्ता लागत नाही. पण शेकडो किलोमीटर उंचीवरून उपग्रह पुन्हा पुन्हा तीच रेघ मोजत जातो, त्याला लागतो. तळं शोधण्याची कल्पना मर्वची, त्यावर भांडणारे मर्व, जगभर हिंडून पटवून देणारेही मर्व. आकडे मात्र ग्लेनिसच्या हातचे.

आता तेच आकडे ती पुन्हा काढून बसली. टॅम्सिनची चूक सापडावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती इच्छा तिने स्वतःपासून लपवली नाही. तिने तारखा तपासल्या. भरती-ओहोटीची दुरुस्ती तपासली. ढगांमुळे बिघडलेल्या फेऱ्या वेगळ्या काढल्या. आठवडाभराने तिने टॅम्सिनला बोलावलं.

"चूक नाही," ती म्हणाली.

टॅम्सिनचा चेहरा पडला. "नक्की?"

"जुना उपग्रह दर फेरीला थोडा बाजूला सरकायचा. दीडदोनशे मीटर. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून आम्ही उतार लावायचो. पण उताराचा तेव्हाचा नकाशाच ढोबळ होता. तिथे उतार आम्ही धरला त्याच्या दुप्पट आहे." तिने चष्मा काढला. "तू बरोबर आहेस, पोरी."

"मर्वना कोण सांगणार?" टॅम्सिन म्हणाली. मग घाईने: "मी जाईन. जायला हवं मला. पण त्यांना वाटेल, कालची पोर आली कुऱ्हाड घेऊन. आणि त्यांची तब्येत... आणि ते नाव..."

"तू नको जाऊस," ग्लेनिस म्हणाली.

नोरा ही मर्वची बायको. तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली तेव्हा मर्व दक्षिणेतल्या ठाण्यावर हिवाळा काढत होते आणि समुद्र गोठलेला होता. वसंताआधी एकही जहाज तिथे पोचणार नव्हतं. बातमी टेलेक्सने कळवायची होती. संचालकांनी मजकूर लिहून दिला, आणि यंत्रावर बसवलं नव्याने लागलेल्या ग्लेनिसला, कारण दुसरी मुलगी रजेवर होती. ग्लेनिसने तीन ओळी टाइप केल्या. बराच वेळ काही आलं नाही. मग यंत्र खडखडलं. *कोण आहे तिकडे?* तिने टाइप केलं: *ग्लेनिस. टायपिस्ट.* पुन्हा शांतता. मग आलं: *लाइन तोडू नको.* तिने तोडली नाही. दुपार सरेपर्यंत ती त्या गुरगुरणाऱ्या यंत्रासमोर बसून राहिली. दोन्हीकडून अक्षर उमटलं नाही. संचालक दोनदा दार उघडून बघून गेले. शेवटी कागदावर आलं: *ठीक आहे. आभार.*

वसंतात मर्व परतले तेव्हा त्यांची मुलगी हीदर मावशीकडे राहत होती. ती पंधरा वर्षांची होती आणि बापाशी बोलत नव्हती. त्या टेलेक्सबद्दल मर्व आणि ग्लेनिस पुढे कधीच बोलले नाहीत. पण पुढच्याच वर्षी, "मला आकडे कळणारं कुणीतरी हवंय," असं म्हणून त्यांनी तिला आपल्या खोलीत मागून घेतलं. आणि पुष्कळ वर्षांनी उपग्रहाच्या आकड्यांत ते पहिलं तळं दिसलं, तेव्हा त्याला नाव काय द्यायचं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

ग्लेनिसने आधी हीदरला फोन केला.

हीदर आता स्वतः पन्नाशीला टेकलेली, होबार्टजवळच्या किंग्स्टनच्या शाळेत शिकवायची. मर्वची फुफ्फुसं निकामी होत चालल्यापासून तिने त्यांना आपल्या घरी आणलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेय."

"मग नाही." हीदरचा आवाज चढला नाही. "डॉक्टर म्हणतात, उन्हाळा बघतील की नाही सांगता येत नाही. माणूस दिवसभर नळी लावून खिडकीत बसलेला असतो. येणाऱ्या नर्सलासुद्धा ते तळं दाखवतात. भिंतीवर लावलंय. एवढंच उरलंय त्यांच्याकडे. हे नाही सांगितलं तर काय जग बुडणार आहे?"

"जग नाही बुडणार."

"मग झालं."

"पण लेख छापून येईल, हीदर. त्यांचे मित्र सगळीकडे आहेत. नॉर्वेहून कुणी, केंब्रिजहून कुणी फोन करेल. वाईट वाटलं म्हणून सांगेल. दुखवट्याला आल्यासारखे फोन येतील."

"फोन मी उचलते घरातला," हीदर म्हणाली.

ग्लेनिसने शब्द दिला, की आपण होऊन विषय काढणार नाही. दर दुसऱ्या रविवारी ती जातच असे. त्या रविवारीही गेली, नेहमीसारखी खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकची पेटी घेऊन. टीव्हीवर फुटबॉल चालू होता आणि मर्व पंचाला शिव्या देत होते. आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता, त्यामुळे शिव्या फारच सभ्य वाटत होत्या.

"आंधळाय तो," ते म्हणाले. "त्याला आपल्याकडे घ्यायला हवा होता. अर्ध्या फेऱ्या बाद करून टाकल्या असत्या. काय, केक आणलास? खोबऱ्याचा कीस लावलेला? छान. खोकून मरेन."

"डॅड," हीदर स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मस्करी करतोय. नोरा काय म्हणतेय, ग्लेन?"

हा प्रश्न ते दर खेपेला विचारत. ग्लेनिसचं उत्तरही ठरलेलं असे: निजलीय. तळं एकदा रिकामं झालं की पुन्हा भरायला कितीही वर्षं लागतात, तेव्हा उत्तर बरोबरही होतं. आज ग्लेनिसने चहात साखर घातली आणि ढवळत बसली. ती साखर घेत नसे.

मर्वनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"काय झालं?"

"काही नाही."

"तुला खोटं बोलता येत नाही. मुळी सवयच नाही. बोल."

ग्लेनिसने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. हीदर ओले हात घेऊन तिथे उभी होती आणि मान हलवत होती, नको म्हणून.

"ते तळं नाहीये, मर्व," ग्लेनिस म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, घाई न करता, जसं तिने कुठल्याही बिघडलेल्या फेरीबद्दल सांगितलं असतं. मर्व मधेच म्हणाले, "निजलं असेल. तीस-तीस वर्षं निजतात." ती म्हणाली, आता ते हलत नाही एवढंच नाही, तेव्हाही हललं नव्हतं. नवा उतार लावला की तो खड्डा वीतभरसुद्धा उरत नाही. ते म्हणाले, "आणि विमानातलं रडार?" ती म्हणाली, "रडारला तिथे पाणी कधीच दिसलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात, रडार चुकतंय."

ऑक्सिजनचं यंत्र बाजूला सुस्कारे टाकत होतं. मर्वच्या गालावर लाल ठिपके उठले.

"ऐकवायला आलीस?" ते म्हणाले. "गाडी काढून, केक घेऊन? पंचवीस वर्षं हाताखाली घेतली तुला. बाहेर हो."

"मर्व..."

"बाहेर हो म्हटलं ना."

ती उठली. दारापर्यंत हीदर आली आणि तिने दार लावून घेतलं. ग्लेनिस गाडीत बसून राहिली. समोर समुद्रकिनाऱ्यावर लोक कुत्री फिरवत होते. मग तिने गाडी चालू केली.

पुढच्या रविवारानंतरच्या रविवारी ती गेली नाही. ऑफिसात टॅम्सिनने विचारलं तेव्हा, "सांगितलं," एवढंच म्हणाली. टॅम्सिनने लेख थांबवायची तयारी दाखवली. "सहा महिने थांबू, ग्लेनिस. म्हणजे... ते असेपर्यंत." ग्लेनिस म्हणाली, "कुणाच्या मरणाची वाट बघत बसायचं नाही. चांगलं नाही ते. पाठव तू." पण टॅम्सिनने पाठवला नाही, आणि ग्लेनिसने पुन्हा विचारलंही नाही.

मग एका दुपारी हीदरचा फोन आला.

"त्यांना तू हवी आहेस," ती म्हणाली. "आणि तुझे ते आलेख. मोठे छापून आण, डोळे गेलेत. आणि ग्लेनिस, तुला माफबिफ केलेलं नाही मी. ते जेवत नाहीयेत म्हणून फोन केलाय."

मर्व बारीक झाले होते. रागाचं नाव चेहऱ्यावर नव्हतं, पण माफी मागायचंही लक्षण नव्हतं. गुडघ्यावरचं कांबळं सारून त्यांनी आलेख घ्यायला हात पुढे केला.

"ही टॅम्सिन कुठली?"

"क्वीन्सलंडची. टाउन्सव्हिल."

"टाउन्सव्हिल!" त्यांना खोकला आला आणि तो थांबायला वेळ लागला. "बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितलेली पोर माझं तळं गिळून बसली. दाखव. ही रेघ कुठली?"

"जुनी. दुसऱ्या हिवाळ्यातली."

"आणि ही?"

"तीच. नव्या उताराने."

त्यांनी कागद डोळ्यांशी धरला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. हीदर दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ झाल्यावर मर्व म्हणाले, "म्हणजे उतारावर उभा माणूस दोन पावलं बाजूला सरकला, आणि ओरडला, डोंगर खचला म्हणून."

"हो."

"उताराचा नकाशा कुणी आणला होता?"

"तुम्ही."

"टुकार होता."

"तेव्हा तोच होता, मर्व."

"हं." त्यांनी कागद मांडीवर ठेवले आणि कडा जुळवत बसले. "तेव्हाही तूच बसली होतीस यंत्रावर."

ग्लेनिसला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"हो."

"मी म्हटलं होतं, लाइन तोडू नको. किती वेळ बसलीस?"

"अंधार पडायच्या आधी उठले."

"आमच्याकडे अंधारच होता," मर्व म्हणाले. "मी यंत्राच्या खोलीत खाली बसलो होतो. एक शब्द सुचला नाही. पण ते चालू होतं, म्हणजे पलीकडे कुणीतरी होतं." त्यांनी दाराकडे पाहिलं, हीदरकडे. "मला हिच्याशी बोलायला हवं होतं तेव्हा. मी टायपिस्टला धरून बसलो."

हीदर आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरूच राहिला.

"त्या पोरीला सांग," मर्व म्हणाले, "लेखावर माझंही नाव लाव. शेवटी लाव, पण लाव. तळं मी मांडलं, पुसतानाही मी असणार. मग कुणाचे फोन यायला नकोत. आणि माझं एकटंच काय म्हणून? आमच्या काळातल्या सगळ्या तळ्यांना हाच उतार लावा म्हणावं. नॉर्वेवाल्यांच्यासुद्धा. मुख्यतः नॉर्वेवाल्यांच्या."

"मर्व, तुम्हाला नक्की..."

"आणि लेखात 'नोरा' लिहायचं नाही. क्रमांक लिहायचा." ते दमले होते. "टीव्ही लाव आता. आणि तो केक कुठेय?"

ऑफिसात निरोप सांगितल्यावर टॅम्सिन जिन्यात जाऊन रडली आणि परत येऊन कामाला लागली. तिने आणि ग्लेनिसने त्या यादीतली सगळी तळी एकेक करून तपासली. आणखी दोन खोटी निघाली. त्यातलं एक नॉर्वेवाल्यांचं होतं, आणि ही बातमी ग्लेनिसने खास फोन करून मर्वना दिली. ते इतके हसले की हीदरने फोन काढून घेतला. बाकीची तळी खरीच होती. पाणी त्यांच्यात साचत होतं, एकातून दुसऱ्यात जात होतं, वरचा बर्फ उठत-बसत होता, कुणी बघो न बघो.

मर्व ऑक्टोबरात गेले. लेख त्यानंतर काही आठवड्यांनी छापून आला. त्यांच्या नावाशेजारी निधन झाल्याची छोटीशी खूण होती.

अंत्यविधीनंतरचा चहा सॅंडी बेच्या बोलिंग क्लबात होता. शास्त्रज्ञ मंडळी एका कोपऱ्यात दक्षिणेतल्या गोष्टी सांगत मोठ्याने हसत होती. ग्लेनिस खिडकीशी एकटी बसली होती. हीदरने दोन ताटल्या आणल्या, एक तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसली. दोघी खाऊ लागल्या.

"मला ते तळं कधीच आवडलं नाही," हीदर म्हणाली. "सांगते तुला. माझी आई कॉर्नेलियन बेच्या दफनभूमीत पुरलेली आहे. मी आधी मावशीबरोबर जायचे, मग एकटी. डॅड एकदाही आले नाहीत. फुलं घेऊन जाऊ म्हटलं की म्हणायचे, ती तिथे नाही, ती दक्षिणेत आहे. लोकांना ते फार सुंदर वाटायचं. भाषणात टाळ्या पडायच्या त्यावर."

ग्लेनिसने काटा ताटलीत ठेवला.

"तू दुसऱ्यांदा येऊन गेलीस ना, त्याच आठवड्यात म्हणाले, मला गाडीत घाल. ऑक्सिजनची टाकी, चाकाची खुर्ची, सगळं घेऊन निघालो. वारा हा एवढा. दगडाला शेवाळ धरलंय, नाव नीट वाचता येत नाही, तर खुर्ची जवळ घ्यायला लावली आणि नखाने खरवडत बसले. एकेक अक्षर. मी म्हटलं, डॅड, मी उद्या ब्रश घेऊन येते. ऐकलंच नाही." तिने ताटलीतला तुकडा इकडून तिकडे सरकवला. "मग मीही बसले खाली आणि दुसऱ्या बाजूने खरवडायला लागले. आडनावापर्यंत झालं, तारीख राहिली."

पलीकडे कोपऱ्यात पुन्हा हशा पिकला.

"दोन दिवस ते हिरवं त्यांच्या नखांत होतं," हीदर म्हणाली. "मी धुवायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला."